डबीतली चुळबुळ

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. ठकूने तशी तंबीच दिली होती. पण आज गप्प बसवेना, म्हणून बोलतेय. मी ठकूची प्लेट. जेवणाची नव्हे हो, दातांची!

ठकूचे वरचे दात इतके पुढे होते, की ओठ मिटायलाही तिला कष्ट पडत. फोटो काढताना तिचा हात आपोआप तोंडावर जाई. डॉक्टरांनी तारा बसवल्या. वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळावा म्हणून इवलाले रबर अडकवायला लावले. तिने सगळं निमूट सोसलं. तारा निघाल्या तेव्हा बाईसाहेब आरशासमोरून हलेनात!

"दात अजून नवखे आहेत," डॉक्टर म्हणाले. "भोवतालचं हाड घट्ट होईपर्यंत ते जुन्या जागी पळू बघतात. त्यांना धरून ठेवायला ही प्लेट."

टेक्निशियनकाकांनी तिच्या दातांच्या साच्यावर मला घडवलं. गुलाबी टाळू, पुढे बारीक तार, दाढांना धरायला आकडे. तार वाकवताना ते श्वाससुद्धा रोखून धरत.

सुरुवातीला ठकू मला क्षणभर सोडत नसे. मग एकदा वर्गात धडा वाचताना तिचा 'स' घसरला. "अगं, शिट्टी गिळलीस का?" मागच्या बाकावरून आवाज आला. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मी डबीत आणि डबी मोज्यांच्या खणात.

झोपताना आई विचारायची, "लावलीस का गं?"

"हं." तेवढ्याला तोंड उघडावं लागत नाही.

मोजे आपले ढाराढूर. मी मात्र कोरडी पडून तळमळायची. तिकडे दात सरकत असणार, हे मला कळत होतं.

आज तपासणी, म्हणून तिने मला बाहेर काढलं. मी बसेना. तिने अंगठ्याने रेटलं, तसं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा एक दात वळला होता.

डॉक्टरांनी मला काढून ट्रेमध्ये ठेवलं. "रोज लावते ना?"

"न चुकता!" आई म्हणाली. "मी स्वतः विचारते."

"मग बनवण्यातच चूक झालीय. टेक्निशियनला विचारतो."

माझा नुसता तिळपापड झाला. काकांवर आळ? ठकूने खुर्चीचे हात घट्ट धरले. पायाची बोटं चपलेत वळवळत होती.

"काकांचं नाही चुकलं," ती पुटपुटली. "मीच लावत नव्हते. आई, मी खोटं सांगत होते. सगळे हसतात."

आईने तिचा खुर्चीवरचा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "मला एकदा सांगायचंस तरी, बाळा."

डॉक्टरांनी दात चाचपला. "फार नाही सरकलेला. जेवण आणि ब्रश सोडून कायम लावलीस, तर येईल जागेवर. नाहीतर पुन्हा तारा."

आता ते पकडीने माझी तार नीट करताहेत. तेवढ्यात सांगून घेते. ठकू, काही दिवस ठणकेल. 'स' पुन्हा घसरेल. घसरू दे! मोठ्याने वाचत राहा, जिभेला माझी सवय होते. हसणारे थकतात गं, पण दात सरकायचे थकत नाहीत. म्हणून मला तेवढं दूर नको लोटूस, कारण तुझ्याशिवाय मी कुणाच्याच तोंडात—

"चल ठकू, आ कर!"