खडकाआडचा बोया

साखळीला बांधलेला, कमरेपर्यंत खाडीत बुडालेला हा मी बोलतोय. मी एक पिवळा बोया. पाणी किती गार, किती ऊन, हे किनाऱ्यावर कळवायचं, एवढंच मला येतं.

वीजकेंद्रातली यंत्रं थंड करून तापलेलं पाणी नळातून आमच्या खाडीत पडतं. ते कुठवर पसरेल, पाणी किती बिघडवेल, हे आधीच ताडायला एका इंजिनिअर बाईंनी संगणकात खाडीचं मॉडेल मांडलं होतं. ते खऱ्या पाण्याशी जुळवायला मी हवा होतो.

मला नळाच्या तोंडाशी बांधायचं ठरलं होतं. पण केंद्राचे साहेब म्हणाले, "तिथे ओढ फार. बोया तुटला म्हणजे? त्या खडकाआड बांधा की!"

बाई घुटमळल्या, मग "बरं" म्हणाल्या.

खडकाआड पाणी गारच. मी गार कळवत राहिलो. माझ्या भरवशावर मॉडेल म्हणालं, खाडीला धोका नाही. केंद्राने आणखी यंत्रं सुरू केली. पुढे उताणे मासे माझ्या अंगाला घासून जाऊ लागले. मला तापमान मोजता येत होतं, हाक मारता येत नव्हती.

बाईंची थोरली बहीण याच खाडीत शिंपल्या वेचायची. त्यावरच तिने धाकटीला शिकवलं. एका दुपारी ती धाकटीला होडीत घालून घेऊन आली. पुढ्यात बादलीभर शिंपल्या, सगळ्या आ वासलेल्या.

"हुंग."

"ताई, मॉडेलमध्ये तर..."

"मॉडेल राहू दे. हात घाल पाण्यात."

नळाजवळ बाईंनी हात घातला. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं ऊन. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. लाजेने बुडून मरावं म्हणतात. बोयाला तीही सोय नाही.

बाईंनी मला नळाच्या तोंडाशी आणून बांधलं आणि मॉडेल नव्याने चालवलं. मग भरसभेत, साहेबांच्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "आधीचा निष्कर्ष चुकला. बोयाची जागा मी मान्य केली होती."

वाढीव यंत्रं बंद झाली. नळ खोल पाण्यात न्यायचं काम चाललंय. बाईंची नोकरी गेली. शिंपल्या अजून परतल्या नाहीत. ताई आता मासळीच्या कारखान्यात मासे निवडायला जाते. होडी माझ्यावरून नेते, पण माझ्याकडे बघत नाही. मीही नजर खाली ठेवतो.

इथे माझा रंग उडतोय, साखळी झिजतेय. तक्रार नाही. एकच मागणं आहे: माझ्यासारख्या कुणाचं ऐकाल, तेव्हा त्याला बांधलंय कुठे, ते आधी विचारा. आम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर आमच्या तोंडून ते वदवून घेणं इतकं सोपं जातं.