कडू चहा

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे. मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "हा नातवंडांनाही पुरेल." पुरलोच! तीस वर्षं आलं-मिरी कुटली, पाहुण्यांकडून वाहवा घेतली. मग मिक्सर आला. आवाज केवढा, काम केवढंसं! पण फडताळात मीच गेलो.

मित्रांनो, एके दिवशी घरच्या आईने मला गुपचूप खाली काढलं, तेव्हाच मला शंका आली. दार लोटून तिने एक पांढरी गोळी कुटली आणि मुलाच्या चहात ढवळली. सरळ काम करताना कोणी असं मागे वळून बघतं का?

मुलगा तिशीचा, बापाच्या घड्याळांच्या दुकानात बसणारा. घड्याळांतून कोणीतरी आपलं बोलणं ऐकतं, असं म्हणत त्याने घरातली पाचही घड्याळं उघडून टाकली होती. बाप म्हणे, "सोंगं नुसती! काम नको, दुसरं काय!" आईने बापाच्या नकळत त्याला एकदा डॉक्टरांना दाखवलं. "रोज एक गोळी, त्याला सांगून द्या," असं ते म्हणाले होते. हे ती फोनवर बहिणीला सांगत होती, म्हणून मला कळलं. त्यातलं 'सांगून' तेवढं तिने गाळलं.

"आई, चहा कडू लागतोय."

"तुझ्या जिभेलाच संशय जडलाय रे बाबा."

त्याने चहा सोडला. आई गोळी आमटीत घालू लागली, तसं त्याने घरचं जेवणही सोडलं. पाणीसुद्धा हुंगून पिऊ लागला. गालफडं बसली. हा असाच उपाशी मरणार आणि त्यात माझाही हात असणार, या विचाराने मी काळवंडलो.

एका सकाळी आई गोळी कुटल्यावर मला धुवायला विसरली आणि माझ्यातच बापाच्या चहाचं आलं ठेचलं. पहिल्याच घोटाला बापाचं तोंड वाकडं झालं.

"काय घातलंस गं यात? कडूजहर आहे!"

मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे माझी जीभ धड आहे."

आईने गोळ्यांचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "मीच घालत होते. तू नाही म्हणशील, म्हणून भ्यायले."

बाप ओरडायला उठला, पण मुलाची काटकुळी मनगटं बघून परत खाली बसला.

मुलाने पाकीट उलटसुलट करून वाचलं. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मीच विचारेन. पटलं तर घेईन."

"आणि नाही पटलं तर?"

"तर तुझ्या तोंडावर नाही म्हणेन."

मग त्याने बापाच्या बशीतला पाव उचलला. आधी हुंगला, मग खाल्ला.

मित्रांनो, आजारी माणसाची काळजी जरूर घ्या, पण त्याच्या डोळ्यांदेखत घ्या. त्याला खोटं पाडून बरं करता येत नाही.