शेवटच्या भिंतीतले आवाज

मित्रांनो, मी एक जुनी काळी टाइल आहे. तरणतलावाच्या टोकाच्या भिंतीत, पाण्याच्या जरा खाली, मला बसवलं आहे. भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या उबदार स्वयंपाकघरात लागेन. नशिबात पाणी निघालं. पण शर्यत संपते ती माझ्यापाशीच. जिंकणारा असो की हरणारा, प्रत्येकाचा तळहात माझ्यावर आपटतो, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

जिंकलेली मुलं हात लावून लगेच वर जातात. हरलेल्यांसाठी मात्र इथे एक जुना शिरस्ता होता. रडवेलं तोंड कुणाला दाखवायचं नाही. "एक बुडी मार, तोंड धू आणि हसत वर ये," असं प्रशिक्षक सांगत. मुलं बिचारी खाली येत, माझ्यावर कपाळ टेकवत आणि मनातलं पाण्यात बोलून टाकत. वरच्यांना नुसते बुडबुडे दिसत. शब्द माझ्यात मुरत.

मुरलेलं कधीतरी झिरपायचंच. भर दुपारी, तलाव रिकामा असताना, माझ्या तड्यातून एखादा बुडबुडा सुटायचा आणि कुणीतरी कुजबुजायचं, "बाबा बघत होते का?" दुसऱ्यातून यायचं, "मी पुन्हा येणार नाही." ती मुलं केव्हाच मोठी होऊन गेली होती. आवाज मात्र तेवढ्याच वयाचे राहिले होते. खरं सांगते, मला माझीच भीती वाटायची.

मग बेडकी आली. पाय बेडकासारखे मारायची म्हणून सगळे तिला तशीच हाक मारत, आणि तिलाही ते आवडायचं. स्पर्धेत ती सगळ्यांत शेवटी माझ्यापाशी पोहोचली. तिच्या प्रशिक्षक ताईंनी काठावरून नेहमीचंच सांगितलं, "बुडी मार, हसत वर ये."

बेडकी खाली आली. "मला पोहायचंच नाही आता," ती म्हणाली. "उद्यापासून बंद." एवढं पाण्यावर जीव असलेलं पोर! तेवढ्यात माझ्या तड्यातून एक बुडबुडा सुटला आणि तिच्या कानाशी फुटला. "घरी काय सांगू?" आवाज लहान मुलीचा होता, पण शेवटी किंचित फाटणारा. असा फाटणारा आवाज बेडकी रोज काठावरून ऐकत होती.

ती धडपडत वर गेली.

"ताई, खाली तुम्ही आहात."

"काय बडबडतेस?"

"लहान आहात. घरी काय सांगू म्हणून रडताय."

ताईंच्या तोंडची शिटी पाण्यात पडली आणि माझ्यासमोरून हळूहळू तळाशी गेली. ही गोष्ट त्यांनी जन्मात कुणाला सांगितली नव्हती.

ताई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. माझ्यावर कपाळ टेकवलं, अगदी पूर्वीच्याच जागी. पुन्हा तोच आवाज आला. ताई म्हणाल्या, "हरले म्हणून सांग. आणि आधी पोटभर रडून घे." बुडबुडा त्यांच्या गालाला लागून फुटला. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

वर जाऊन त्यांनी बेडकीला जवळ घेतलं. "खाली काय बोललीस, ते मला सांग." बेडकी हुंदके देत बोलत राहिली. ताई नुसत्या ऐकत राहिल्या. वेळेचा, नंबराचा एक शब्द त्यांनी काढला नाही.

"उद्या येऊ का?" शेवटी बेडकीनेच विचारलं.

"ये की. वाटलं तर नुसती पाय सोडून बस."

दुसऱ्या दिवशी काठावरून दोन पाय लोंबकळत होते. थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले, आणि एक ओळखीचा तळहात माझ्यावर आपटला.

तो शिरस्ता तेव्हाच मोडला. मित्रांनो, हरलात तर पाण्याशी बोलू नका, आपल्या माणसाशी बोला. माझ्यात आता नवे आवाज येत नाहीत. जुने मात्र अजून आहेत. आज घरातल्या मोठ्यांना विचारा, लहानपणी ते पोहायचे का. हो म्हणाले, तर त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा. इथे कुणीतरी त्यांची वाट बघतंय.