दर दोन तासांनी

गिरणीचा बाराचा भोंगा होऊन गेला आणि गोजाबाईचं बूड काही वर्गातल्या बाकावर टिकेना. टिकणार कसं? जीव सगळा चाळीतल्या खोलीत, सासूपाशी.

सासू म्हणजे मायाक्का. दुष्काळात मेंढरं विकून हे धनगराचं घर मंगळवेढ्याकडून सोलापुरात आलं, नवरा सिदू गिरणीत लागला, आणि वर्षाच्या आत त्याच्या आईच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत, आणि ती चांगलीच शाबूत! तेव्हापासून गोजाबाई तिला वेळच्या वेळी कुशीवर वळवायची, कमरेखाली, टाचांखाली पिंजलेली लोकर घालायची. तीन वर्षांत म्हातारीच्या अंगावर एक फोड नव्हता. गोजाबाईला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

तेवढ्यात ही योजना आली. म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेवर संशोधन करायला सरकारनं पैसा दिला. घरच्या बायकांना शिकवलं तर पडून असलेल्यांच्या जखमा कमी होतात का, ते बघायचं. हिरेमठ सिस्टर वही घेऊन घरोघर फिरल्या. मायाक्काच्या नावापुढं लिहिलं, ‘शिकवण्याआधी: जखम नाही.’ मग ज्या दहा घरांत माणसं अंथरुणाला खिळलेली, नेमक्या त्याच घरांतल्या दहा बायका वर्गाला निवडल्या. शेवटी दाखला मिळणार, आणि दाखल्यावर दवाखान्यात आयाची नोकरी. सिदूच्या गिरणीत आज काम तर उद्या नाही. गोजाबाईनं दोन्ही हातांनी संधी धरली.

एरवी वर्ग दहा ते बारा. पण आज मुंबईचे साहेब यायचे होते, पुढच्या वर्षी पैसा द्यायचा की नाही ते ठरवायला. आणि साहेबांची गाडी कुर्डुवाडीला खोळंबलेली.

एक वाजला. गोजाबाई उठली.

“बाई, पळत जाते, वळीवते आन् पळत येते की.”

“बसा हो,” सिस्टर म्हणाल्या. त्याही बिचाऱ्या घामाघूम झाल्या होत्या. “दहातली एक कमी दिसली तर योजना बंद. दाखला कुणालाच नाही. शेजारी कुणी नाही का?”

“पार्वतम्मा बघती. ती आज लेकीकडं अक्कलकोटला गेलीया.”

“एका दिवसानं काय होतंय?”

गोजाबाई बसली. पदराचं टोक पिळलं, सोडलं, परत पिळलं. दोन वाजले. बाकावर शेजारी बसलेली दगडाबाई पुटपुटली, “माझा सासरा पान्याबिगर पडलाय गं.” पण उठली कोण? कुणीच नाही. नोकरी काय रोज दारात येते?

तीनला साहेब आले. चहा झाला. सिस्टरनी गोजाबाईलाच पुढं बोलावलं, कारण तिचा हात सगळ्यांत चांगला. टेबलावर बारदानाचं बाहुलं निजवलं होतं. गोजाबाईनं त्याच्या खांद्याखाली हात घातला.

“किती वेळानं वळवायचं?” साहेबांनी विचारलं.

“दर दोन तासांनी.”

“का बरं?”

“न्हायतर कातडं सडतंय, साहेब.” बोलली आणि तिचे हात थांबले. “माझ्या सासूला म्या सकाळी नवाला वळीवली. आता तीन वाजल्यात.”

बाहुलं अर्ध्या कुशीवर तसंच टाकून ती निघाली. दाखला गेला चुलीत! पायऱ्या उतरताना मागं बाकं सरकल्याचा आवाज आला. एक नाही, पुष्कळ.

खोलीत शिरली तर मायाक्का सकाळच्याच कुशीवर, जागी, गप्प. खालची लोकर भिजून गेलेली. गोजाबाईनं तिला अलगद वळवलं. कमरेखाली तळव्याएवढी जागा लालभडक झाली होती आणि मधोमध फोड फुटला होता. तीन वर्षं जपलेलं अंग!

“शिकलीस का गं आज कायतरी?” मायाक्कानं विचारलं.

गोजाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि ढसाढसा रडली.

सोमवारी हिरेमठ सिस्टर वही घेऊन आल्या. बायका उठून गेल्या तरी साहेबांनी योजना लगेच बंद केली नव्हती; आधी आकडे मागवले होते, आकड्यांवर पुढचा पैसा. त्यांनी मायाक्काची कंबर बघितली, वही उघडली. ‘शिकवल्यानंतर:’ इथं पेन अडलं.

“एवढासाच आहे,” त्या गोजाबाईकडं न बघता म्हणाल्या. “आठ दिवसांत भरून येईल. ‘नाही’ लिहू का? म्हणजे वर्गही चालू राहील, तुमचा दाखलाही...”

गोजाबाई मान खाली घालून उभी राहिली.

“ओ बाई,” अंथरुणातनं आवाज आला. “फोड माझ्या अंगाला आलाय. खरं त्येच लिवा. आन् म्होरं हे बी लिवा, त्या दिशी हिला तुमी बसवून ठिवली हुती. म्हातारीला कसं वळवायचं, ते शिकवाय!”

सिस्टरनी लिहिलं. सगळं लिहिलं. जागा पुरेना तेव्हा समासात लिहिलं.

“झालं?” मायाक्का म्हणाली. “मग ठिवा ती वही खाली आन् धरा मला त्या अंगानं. दोन तास झालं.”