न परतलेले डबे

डब्याच्या बुडाशी तमिळ अक्षरांत कोरलेलं नाव: भामा.

कॅनडात, विनिपेगजवळ, काचेच्या भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टी. तिच्यावरही एक नाव.

इकडे तंजावूरात सेतुमाधवची म्हातारी आई कॉफीत बन बुडवते. सकाळीही तेच, दुपारीही तेच.

चंद्रमतीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातानं रसमला फोडणी देता येत नाही. तिनं देऊन पाहिली. अर्धी मोहरी जमिनीवर.

आता नीट सांगायचं तर असं. तंजावूरच्या या मराठी घरांत दुखणं आलं, बाळंतपण आलं, की त्या घरची चूल बाकीची घरं वाटून घेतात. आज हिचा डबा, उद्या तिचा. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. पाळायचं ते एकच: भांडं रिकामं परत जात नाही. चंद्रमतीची सगळी हयात डबे पाठवण्यात गेली. हात मोडला तेव्हा डबे तिच्याकडे येऊ लागले. आले आणि राहिले. रांधता येईना, मग भरायचे कशानं? विकतचं घालून देणं म्हणजे तोंडावर फेकल्यासारखं. तिनं ते घासूनपुसून ओट्यावर मांडून ठेवले. हात सुटला की एकदम भरून देऊ! आपलं भांडं मागायला कोण येणार? ज्यांच्या घरात जेवण न्यायला एकच कॅरियर होता आणि तो इथं अडकला, त्यांची पाळी चुकू लागली.

मुलगी वाणी विनिपेगहून फोनवर हसली. "अम्मा, माझ्या बाळंतपणात घरमालकिणीच्या चर्चमधल्या बायका जेवण आणायच्या. मेनोनाइट म्हणतात त्यांना. त्यांचे आजे-पणजे रशियातून इथं आले, तेव्हापासून एकमेकांचं असंच करतात. भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर नाव असतं, पण भांडं त्यांना रिकामंच लागतं."

"रिकामं? आणि चालतं?"

"भरलं तर रागावतात. म्हणतात, आम्ही काय उसनं दिलं होतं?"

"त्यांचं त्यांच्याकडे," चंद्रमती म्हणाली. पण ते बोलणं दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी भामा आली. हल्ली पाळ्या तीच लावते. ओट्याकडे बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अय्यो अक्का, दुकान मांडलंय का?"

"मागायला आलीस?"

"मी कशी मागेन? बघायला आले." भामा जरा घुटमळली. "सेतुमाधवची बायको इस्पितळात आहे. म्हातारीकडे जेवण न्यायला भांडंच मिळेना. काल सुब्रमण्यमनं केळीच्या पानात सांबारभात बांधून नेला. निम्मा स्कूटरनंच खाल्ला."

चंद्रमती हसली नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर ते मागणंच झालं असतं.

"घेऊन जा सगळे."

"असेच?" भामा मागे सरली. "आज शुक्रवार, लक्ष्मीचा वार, अक्का. रिकामी भांडी घेऊन मी कुठल्या दारात जाऊ? थोडी साखर तरी घाल."

साखर समोरच होती. चिमूट चिमूट घालून सुटता आलं असतं. चंद्रमतीचा डावा हात तिकडे गेलाही. मग तिनं तो आवरला. साखर घातली की रीत शाबूत राहील, आणि पुढं कुणी दुसरी बाई हात गळ्यात बांधून अशीच डबे राखत बसेल.

"मी म्हणते ना, रिकामे ने. कुणी बोललं तर माझं नाव सांग."

"बोलतील."

"बोलू देत. म्हातारी जेवली पाहिजे."

भामा डबे पिशवीत भरू लागली. ते एकमेकांवर आपटत होते, रस्त्यापर्यंत ऐकू जावं इतके. भामा जाईपर्यंत चंद्रमतीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात डबा आला. ती चमच्यानं जेवली. डबा धुतला आणि आणणाऱ्याच्याच हाती तसाच परत दिला.

हात मोडला त्या सकाळी चंद्रमती पापनाशमच्या बसमधून उतरत होती. दोन्ही हातांत परत करायची, दुसऱ्यांची भरलेली भांडी होती, म्हणून तिनं दांडी धरली नव्हती.