क्षेपणास्त्रांच्या वादातली चार मिनिटे

नारायणराव खिदिरपूरच्या गोदीत जकातीच्या नोकरीवर आले आणि कलकत्त्याचेच होऊन राहिले. त्यांचे चिरंजीव दत्तात्रय गणिताचे शिक्षक. दत्तात्रयांचे शरच्चंद्र, त्यांनी महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात वादस्पर्धा सुरू केली आणि वक्त्यांची वेळ संपल्याचे सांगायला पितळी घंटा आणली. तिघांपैकी एकही कोणाचे देणे अंगावर ठेवून गेला नाही. शरच्चंद्रांची थोरली लेक प्रेमलताबाई यांच्या अंगावर मात्र एक देणे होते. त्रेचाळीस वर्षांचे, आणि तेही मैत्रीण श्यामलाबाईंचे.

१९३१ साली याच व्यासपीठावर प्रेमलतेचे भाषण ऐन रंगात असताना वडिलांनी घंटा वाजवली. पुढची पाळी श्यामलेची. ती उठून म्हणाली, "माझ्या सातांतली चार मिनिटे हिला द्या." नियमात ते बसत होते. चांदीचा पेला प्रेमलतेला मिळाला. तीन मिनिटांत गुंडाळावे लागलेली श्यामला हरली. पुढे तिने त्या चार मिनिटांचा अवाक्षरानेही उल्लेख केला नाही, आणि नेमके हेच प्रेमलताबाईंना जन्मभर टोचत आले.

१९७४च्या गणेशोत्सवात त्या अध्यक्ष होत्या. विषय होता, क्षेपणास्त्रांपासून बचावाची यंत्रणा अमेरिकेची सरस की रशियाची.

मुंबईहून बदलून आलेले बँकेतले अधिकारी जयप्रकाश कडाडले, "अमेरिकेची दुहेरी तटबंदी! एक अस्त्र शत्रूचे क्षेपणास्त्र वातावरणाबाहेरच गाठणार. तिथून निसटले तर दुसरे काही सेकंदांत टिपणार!"

"तुमची अजून उभीच राहते आहे," दुसरा स्पर्धक श्रीकांत, त्याने रशियाची बाजू घेतली. "मॉस्कोभोवतीची केव्हाच सज्ज आहे!"

"गोल झाला की सांगा हो!" मागून कोणी ओरडले. फुटबॉलच्या सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे पडावेत तसे सभागृहात दोन तट पडले होते.

प्रेमलताबाईंचा संताप अनावर होत होता. पल्ला झाला, वेग झाला, उंची झाली. पण वाचणार कोण, हे एकही विचारीना. महायुद्धात खिदिरपूरवर भर दुपारी जपानी बॉम्ब पडले त्या दिवशीही त्यांनी असलेच शहाणे पाहिले होते. विमाने किती होती, यावर हुज्जत घालणारे. अध्यक्षाने मध्ये बोलायचे नाही, हा वडिलांचाच दंडक. त्यांनी घंटेची मूठ आवळली आणि वेळ संपताच जयप्रकाशांना अर्ध्या वाक्यात तोडले.

शेवटी श्यामलाबाईंची नात मीनाक्षी उठली. पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, जन्म कलकत्त्याच्याच डमडम उपनगरातला. मराठी शब्द अडला की "माने... माने..." असे, 'म्हणजे... म्हणजे...' या अर्थी, बंगालीत चाचपडे, आणि मिनिटे वाहून जात.

"दोन्ही यंत्रणा शत्रूचे अस्त्र अणुस्फोटानेच पाडतात. माने... आपल्याच आकाशात. त्याने आपलेच रडार आंधळे होऊ शकते. आणि दोघांचा करार असा, की प्रत्येकाने एकच ठिकाण राखायचे. तर त्यांनी कोणते..."

सात मिनिटे संपली. प्रेमलताबाईंनी घंटा वाजवली. पहिल्या रांगेत श्यामलाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. आजही त्या काही मागणार नव्हत्या.

"थांब, बसू नकोस," प्रेमलताबाई म्हणाल्या. "समारोपाची दहा मिनिटे माझी आहेत. त्यांतली चार तुझी. बोल."

"अध्यक्षबाई, हे नियमात..." श्रीकांत चुळबुळला.

"नियम माझ्या वडिलांनी लिहिलेत. मला शिकवू नकोस."

मीनाक्षीने श्वास घेतला. "रशियाने राजधानी राखली. अमेरिकेने माळरानावरचा आपल्याच क्षेपणास्त्रांचा तळ. राखणारी अस्त्रे प्रत्येकी शंभरच. एकशे एकावे आले तर? मला रशियाची निवड बरी वाटते. तिथे निदान माणसे राहतात. पण दोन्ही देश आपल्याच बाकीच्या शहरांना सांगतात, तुमचे तुम्ही पाहा. मग माझ्या आजीच्या डमडमला कोण विचारतो?"

ती बोलतच राहिली, आता न अडखळता. चौथे मिनिट भरले तेव्हा तिचे वाक्यही पुरे झाले होते. उरलेल्या सहा मिनिटांत समारोप उरकताना प्रेमलताबाईंना आपले दोन लाडके मुद्दे गाळावे लागले.

परीक्षकांनी पेला दिला जयप्रकाशांना. प्रेमलताबाईंच्या कपाळाची शीर पुन्हा तटतटली.

"राहू दे गं," प्रसादाची वाटी घेत श्यामलाबाई म्हणाल्या. "पुरते बोलून हरली ती. मी तशी हरले नव्हते."

"एकदा तरी आठवण करून द्यायचीस, श्यामले!"

"मागितल्यावर द्यायची सवय तुला कधी होती? मोजून दिलीस ना?"

"घड्याळ लावून."

"मग फिटले."