वायरमनच्या घरची शेगडी

मी एक जुनी विजेची शेगडी आहे. जुनी म्हणजे इतकी, की अंगावरचं कारखान्याचं नाव केव्हाच पुसलं गेलं. माझी कॉइल एकीची, वायर दुसरीची आणि पाय तर चक्क एका मोडक्या पंख्याचे आहेत. पण माझा हा अवतार पाहून नाकं मुरडू नका, मित्रांनो. पातेलंभर पाणी मी अजूनही बोलता बोलता उकळते.

एका पत्र्याच्या शेडमध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणींबरोबर माझा जन्म झाला. पुढे एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर चहा उकळून उकळून माझी कॉइल तुटली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला एका वायरमननी उचलून घरी आणलं. त्यांची बायको दारातच म्हणाली, "आणलंत आणखी एक धूड? आता आम्ही बाहेर झोपायचं का?"

बोलली खरी, पण पुढे तिनेच मला सर्वांत जास्त जपलं. त्याला कारण त्यांची एकुलती एक लेक. गव्हाचा कण जरी पोटात गेला तरी ती पोर आठवडाभर आडवी व्हायची. औषध नाही, फक्त पथ्य. म्हणून खिडकीजवळचा कोपरा तिच्यासाठी वेगळा काढला. तिथे तिचं पातेलं, तिचा चमचा आणि मी. स्वयंपाकघरात पीठ उडायचं, ते माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून आईने मध्ये पडदा लावला होता. मला त्या काळात फार मान होता. मी थोडी शेफारलेही होते.

वायरमनची एक खोड सांगायलाच हवी. कुणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी ते खिशातून टेस्टर काढून तिथला स्विचबोर्ड तपासत. बायको चिडायची. "लोक पाहुण्यांना पाणी विचारतात, आणि आमचे पाहुणे भिंतीला विचारतात," असं ती चारचौघांत म्हणायची. ते नुसते हसायचे.

लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या वर्षी तिचा नंबर लागला नाही. तिने वर्षभर मान मोडून पुन्हा अभ्यास केला आणि दूरच्या एका कॉलेजात जागा मिळवली. मग घरात नुसती धांदल उडाली. आईने तिला रोज माझ्यासमोर बसवलं. भात, भाजी, अंडी, सगळं तिचं तिनेच करायचं. आई मागे बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण मोकळे सोडले तर ते आपणहून पातेल्याकडे जात. भात करपला तर म्हणायची, "खा आता. तिथे कोण येणार आहे तुझी समजूत काढायला?" आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

वायरमननी मला खरवडून लख्ख केलं, जाड वायर बसवली, नवा प्लग लावला. बादली, गादी, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं आठवून आठवून बांधलं. मी तिथे खोलीत चालेन का, हे मात्र कुणी कॉलेजला विचारलंच नाही. जेवण रांधायला परवानगी लागते, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच येणार नव्हतं.

वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मला पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शेगडी खोलीत चालत नाही." बापलेकीने सगळं समजावून सांगितलं. बाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, "ठीक आहे. ती मला दिसलीच नाही, असं समजते. पण गवगवा करू नका."

पोरीचा चेहरा उजळला. तिने मला टेबलावर ठेवलंसुद्धा. आणि तेवढ्यात वायरमननी सवयीने खिशात हात घातला.

"बाबा, राहू दे ना ते," ती म्हणाली.

पण त्यांनी बोर्डाचे स्क्रू काढले होते. आतली वायर त्यांनी बोटात धरली, तर तिचं वेष्टण चुरा होऊन खाली पडलं. बोर्ड बंद करून गप्प बसता आलं असतं. मी मनातल्या मनात त्यांना तेच विनवत होते.

"मॅडम, नका देऊ परवानगी," ते म्हणाले. "ही वायर दिवा आणि पंख्यापुरती आहे. शेगडी लावली तर भिंतीच्या आत पेट घेईल. वरच्या मजल्यावर इतक्या मुली झोपतात."

"बाबा, मी थोडाच वेळ लावीन."

"आग थोड्याच वेळात लागते गं."

मला अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाईंनी वायरी बदलायला वर कळवलं, पण वरून काही हाललं नाही. बाहेर खोली शोधली, पण एकट्या मुलीला कुणी देईना. खानावळीतला आचारी तिच्यासाठी वेगळा भात लावायचा, पण त्या स्वयंपाकघरात पिठाचा धुरळाच इतका, की बिचाऱ्याचा तरी काय इलाज? एकदा ती झाडू घ्यायला माझ्या खोलीत आली. माझ्यावरची धूळ तिने बाहीने पुसली. हात इतका वाळला होता, की घड्याळ कोपरापर्यंत वर सरकलं. मला इतकं रडू आलं, पण शेगडीला रडता येत नाही.

पहिली परीक्षा यायच्या आत तिचे बाबा तिला न्यायला आले. मधेच सोडलेली जागा पुन्हा मिळत नसते, हे तिघांनाही माहीत होतं.

आता मी परत खिडकीजवळ आहे. लेक रोज माझ्यावर भात शिजवते. तब्येत सुधारली आहे, सगळे तसं म्हणतात. ती एका दुकानात कामाला जाते. परवा जेवताना आईला पुन्हा संताप आला. "त्या रेक्टरबाईला माझा तळतळाट लागेल. पोरीचं शिक्षण खाल्लं तिने. आणि अहो, तुम्ही तिथेच होतात ना? दोन शब्द बोलला का नाहीत?"

वायरमननी हातातला घास परत ताटात ठेवला.

"बाबा बोलले गं आई," लेक म्हणाली. "खूप बोलले. त्या बाईंनी ऐकलंच नाही."

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी आमची निगा राखा म्हणून विनवायचं असतं. माझी निगा राखण्यात कुणी काही कमी केलं नाही. तेव्हा मागणं वेगळं आहे. मोठे होऊन तुमच्यापैकी कुणी एखाद्या वसतिगृहाचे कर्तेधर्ते झालात, तर भिंतीतल्या वायरी वेळेवर बदला. आमच्या घरातून आता कॉलेजला जाणारं कुणी उरलेलं नाही.